अस्पर्श जमात म्हणे! मग मीठ कोण आणून देतं?

टिळकवाडीकर: काल अनगोळचा_अंतराळीने लिहिलेलं 'दुरेणी' या कल्पित परग्रहवासी जमातीचं वर्णन इथं आलं आणि खाली वाहवा झाली. वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सूर्याला सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, त्याचा ग्रह, एक बाजू कायम उजेडात, दुसरी कायम अंधारात. मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात, कणकुंबीसारख्या धो धो पावसात, गुहांमध्ये ३०० जण. 'अस्पर्श', म्हणजे १०,००० वर्षं बाहेरच्यांचं तोंड बघितलं नाही. मांस वर्ज्य, कमरेला लोखंडी कोयता, दर पौर्णिमेला पूर्वजपूजा, आणि "एकही रीत बदललेली नाही".

पौर्णिमा कसली? २०१६ मध्ये सापडलेला हा ग्रह ताऱ्यापासून जेमतेम ७५ लाख किमीवर आहे, त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. इतक्या जवळ असलेल्या ग्रहाला चंद्र फार काळ टिकत नाही.

आता माणसं मोजा. ३०० डोकी, त्यातली लहान-म्हातारी वगळून प्रजेला हातभार लावणारी १०० धरू. दर पिढीला जनुकीय वैविध्य या डोक्यांच्या दुपटीत एक, म्हणजे १/२०० ने, अर्ध्या टक्क्याने घटतं. २५ वर्षांची पिढी धरली तर १०,००० वर्षांत ४०० पिढ्या. मूळ वैविध्यातलं १३ टक्के उरतं. त्यावर एक साथ आली की गुहा रिकामी.

कोयत्याचं तर विचारूच नका. किलोभर लोखंड गाळायला दहा किलोच्या आसपास लोणारी कोळसा लागतो, आणि भट्टी ११०० अंशांच्या वर धरावी लागते. ती गुहेत पेटवली तर धुराने डोळे चुरचुरायच्या आधी कार्बन मोनॉक्साइड आडवं करतं.

अनगोळचा_अंतराळी: काय ओ काका, गोष्ट लिहिलीय, जनगणना नाही. परग्रहावरचे जीव आहेत ते. त्यांना दोन आई-बाप असतात, गुणसूत्रं असतात हे कुणी ठरवलं?

टिळकवाडीकर: तूच. तिसऱ्या परिच्छेदात मामाच्या मुलीशी लग्न लावून दिलंस की.

शहापूरकर: मला आकडेमोडीपेक्षा "एकही रीत बदललेली नाही" हे खटकलं. रीत घट्ट होते ती शेजारी दुसरा कुणी असला की. पुण्यात पाटीवरच्या अक्षरांसाठी कुणी रात्र जागवतं का? इथं बेळगावात जागवतात. ३०० जण एकटेच असतील तर 'आमची रीत' म्हणायचं कुणाला ऐकवून? दोन पिढ्यांत सोयीचं तेवढं ठेवतील, बाकी विसरतील.

निपाणी_पेठ: झालं, आता सीमावाद, १९५६ आणि महाजन अहवाल निघणार.

शहापूरकर: तुम्हीच काढलात, मी नाही.

खानापूर_लाल_माती: तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. हे लोक मीठ कुठून आणतात? कंदमुळांत, पाल्यात सोडियम नावापुरतं. अशा पावसाच्या मुलखात जमिनीतले क्षार धुऊन जातात. आपल्याकडेही मीठ किनाऱ्यावरून, रामघाटासारख्या वाटांनी, बैलांच्या पाठीवर चढायचं. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला तो काही हौसेने नाही.

अनगोळचा_अंतराळी: झाडं जाळून राखेचं मीठ करतात. पुढच्या भागात येणार होतं.

खानापूर_लाल_माती: ते मीठ नव्हे, राखेचा खार. कृती नीट सांगतो. तळाला भोकं असलेल्या मडक्यात गवताचा थर, त्यावर राख दाबून भरायची, वरून थेंब थेंब पाणी. घाईने ओतलंत तर पाणी कडेने वाट काढतं आणि राख मध्ये कोरडीच राहते. खाली आलेलं पाणी आटवायचं, पण कोरडं होईपर्यंत नाही. आधी सल्फेट आणि क्लोराइडचे खडे बसतात, ते काढून घ्यायचे. राहिलेल्या पाण्यात कार्बोनेट असतं, तेही आटवलं तर जीभ सोलते. एवढं करूनही हाती येतं ते बहुतेक पोटॅशियम, सोडियम नाही. न्यू गिनीचे बारुया लोक बोरूसारखं गवत मुद्दाम लावून असंच मीठ करायचे आणि त्याच्या वड्या शेजाऱ्यांना देऊन झाडाच्या सालीचं कापड घ्यायचे. म्हणजे तिथंही शेजारी आलाच.

निपाणी_पेठ: गुहेच्या भिंतीवर पांढरं फुलतं, ते चाटू दे की.

खानापूर_लाल_माती: वटवाघळांच्या लेंडीच्या गुहेत पांढरं फुलतं तो बहुधा सोरा. चिमूटभर निखाऱ्यावर टाका. मीठ नुसतं तडतडतं, सोरा फसफसून पेटतो.

सदाशिवनगरची_वहिनी: मांस वर्ज्य ठेवायचा हट्ट कशाला? १०० ग्रॅम मांसात ६०-७० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसाला ५०० मिलिग्रॅम धरलं तर माणशी पाऊण किलो, ३०० जणांना सव्वादोन क्विंटल रोज. त्यापेक्षा रक्त बरं, पाव लिटरात भागतं. मसाई लोक गुरांचं रक्त पितातच.

अनगोळचा_अंतराळी: वहिनी, माझे दुरेणी शाकाहारी आहेत हो. आणि त्यांच्या अंगात सोडियमच लागतं कशावरून?

सदाशिवनगरची_वहिनी: "खारट आसवं गाळत" असं तुम्हीच लिहिलंय, भावजी.

शहापूरकर: केनियात माउंट एल्गॉनवर किटुम नावाची गुहा आहे. तिथं हत्ती मिट्ट अंधारात आत शिरतात, सुळ्यांनी भिंत खरवडतात आणि तो खडक चघळतात, सोडियमसाठी. तेव्हा गुहेत मीठ नाहीच, असं नाही.

खानापूर_लाल_माती: ते बरंचसं सोडियम सल्फेट. हत्तीला पचत असेल, माणसासारख्या पोटाला जुलाब. पण बरं, सोडियम तर आहे. मानलं अर्धं.

टिळकवाडीकर: आणि लोखंडाचं? अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटाचे लोकसुद्धा १९८१ मध्ये अडकलेल्या 'प्रिमरोझ' जहाजाचं लोखंड ठोकून वापरतात. १९९१ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या पथकाकडून नारळ घेतले. अस्पर्श म्हणून जगभर मिरवतात ते हेच.

अनगोळचा_अंतराळी: बरं बाबांनो. चंद्र काढला. ३०० चे २,००० केले. कोयता पडलेल्या यानाच्या पत्र्याचा. खडक किटुमसारखा खारट. आता वाचाल की अजून ऑडिट बाकी आहे?

टिळकवाडीकर: २,००० ला तेवढ्याच काळात तीन चतुर्थांश वैविध्य उरतं, चालेल. पण यान पडलं म्हणजे बाहेरच्यांचं तोंड बघितलंच की रे.

खानापूर_लाल_माती: आणि खारट भिंत ठेवायची तर गुहेत झिरपणारं पाणी बंद कर. दुसऱ्या परिच्छेदात छत गळतंय तुझं. मीठ वाहून जाईल.