खारवेलाची कन्हबेण्णा म्हणजे आपली कन्हान का?

प्रश्न : घाटावरचा (पवनी तालुका)
आमच्या ग्रामपंचायतीने वैनगंगेच्या घाटावर इतिहासाचा फलक लावायचे ठरवले आहे. ‘कलिंगराजा खारवेलाचे सैन्य येथे आले होते’ असे त्यावर लिहावे, असा काही मंडळींचा आग्रह आहे. ओडिशातील हाथीगुंफा शिलालेखातील कन्हबेण्णा नदी म्हणजे कन्हान-वैनगंगा, हा त्यांचा आधार. तो कितपत टिकतो?

उत्तर : लिपिप्रेमी
भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवरील हा सतरा ओळींचा प्राकृत लेख बराच झिजलेला आहे. राज्याच्या दुसऱ्या वर्षी खारवेलाने सातवाहन राजा सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य धाडले आणि ते कन्हबेण्णेपर्यंत पोहोचून त्याने एका नगराला धास्ती घातली, एवढेच तो सांगतो. नगराचे नाव कोणी ‘मुसिक’ वाचतात, कोणी ‘असिक’. ‘असिक’ मानले, तर पेच वाढतो. कारण नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात पुत्राच्या ताब्यातील प्रदेशांच्या यादीत असिक आणि विदर्भ वेगवेगळे येतात, म्हणजे असिक विदर्भाबाहेरचे ठरते. शिवाय कृष्णा नदीलाही जुन्या ग्रंथांत कृष्णवेणा म्हटले आहे आणि अनेक अभ्यासक तिच्याकडेच बोट दाखवतात. कन्हानचा पक्ष अगदी टाकाऊ नाही. पण तो दगडावर कोरण्याइतका पक्काही नाही.

उत्तर : पांढरीचा माणूस
वरील मताशी सहमत आहे. कलिंगाच्या बाजूला निदान उत्खननाचा आधार आहे. भुवनेश्वरनजीकच्या शिशुपालगडाचे उत्खनन बी. बी. लाल यांनी १९४८-४९ मध्ये केले. तेथील चौरस तटबंदीची प्रत्येक बाजू सुमारे सव्वा किलोमीटर असून प्रत्येक बाजूस दोन, अशी आठ प्रवेशद्वारे आहेत. वादळाने मोडलेली कलिंगनगरीची वेस व तट खारवेलाने पहिल्याच वर्षी दुरुस्त केल्याचा उल्लेख त्या लेखात असल्याने अनेक जण तेच नगर येथे पाहतात, तरी तेही अनुमानच. पवनीला मात्र उसन्या राजाची गरज काय? मातीचा तट व खंदक आजही दिसतो, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये स्तूप उघडकीस आला आणि महाक्षत्रप (शक राज्यकर्त्यांची पदवी) रूपिअम्माच्या नावाचा स्तंभलेखही येथलाच. फलक त्यावरच भरेल.

घाटावरचा
मजकुरात तट, स्तूप आणि रूपिअम्मा घेतो. खारवेलाचा उल्लेख ठेवलाच, तर ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे लिहून ठेवू. मंडळींना पटवावे लागेल.