‘ग्राफिएने’ म्हणजे सरदाराची बायको की स्वतः सरदारीण?

भाषावेडी: लाटव्हियन भाषा शिकतेय. ग्राफ्स म्हणजे काउंट, ग्राफिएने काउंटेस. हेर्त्सोग्स ड्यूक, हेर्त्सोगिएने डचेस. पुरुषाच्या किताबाला ‘-इएने’ जोडलं की बाईचा किताब तयार. मला हे खटकतं. हा प्रत्यय ‘अमक्याची बायको’ हेच सांगतो. शार्लोट फोन लीवेन बघा. विधवा झाल्यावर तिने रशियाच्या राजघराण्यातली मुलं वाढवली. त्याबद्दल झार पावेलने १७९९ मध्ये तिला काउंटेस केलं, आजच्या लाटव्हियातल्या मेझोत्नेची जहागीरही तिला मिळाली. नवरा कधीच ग्राफ्स नव्हता, तरी ती ग्राफिएने!

मुळाक्षर: मग तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा खोडला ना? ग्राफ्स नसताना ग्राफिएने होता येतं, म्हणजे प्रत्यय फक्त बाई आहे एवढंच सांगतो. ब्रिटनच्या दुसऱ्या एलिझाबेथलाही लाटव्हियनमध्ये करलिएनेच (राणी) म्हणतात. ती कुणा राजाची बायको होती असं कोण समजतं?

भाषावेडी: एलिझाबेथ जगाला माहीत होती. शार्लोट कोणाला माहीत आहे? माझ्या आजीला अख्खं गाव मास्तरीणबाई म्हणायचं. तिने आयुष्यात खडू हातात धरला नाही, मास्तर आजोबा होते. पुढे गावात शिकवायला बाई आल्या, त्याही मास्तरीणबाईच. नवा माणूस विचारायचा, ‘शिकवणाऱ्या की मास्तरांच्या?’ शार्लोटबद्दल हे विचारायलाही कोणी थांबत नाही.

रीगाकर: दोघेही दरबारातच अडकलात. ग्राफ्स, हेर्त्सोग्स हे जर्मनकडून आलेले शब्द. पश्चिम लाटव्हियातल्या कुर्झेमेतली कुळं १८१७ पर्यंत भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेली होती. ती वाड्यावरच्या मालकिणीला ‘लिएल्माते’ म्हणत, शब्दशः ‘मोठी आई’. जिच्या जमिनीवर राबायचं तिला आई म्हणायचं! मला तर ‘-इएने’पेक्षा हा शब्द जास्त बोचतो.

मुळाक्षर: हे पटलं. पण कुंग्स म्हणजे धनी, त्याचंच स्त्रीरूप कुंद्झे, आणि आज लाटव्हियात कोणत्याही बाईच्या आडनावानंतर आदराने कुंद्झे लावतात. वापराने शब्द मोकळा होतो. ग्राफिएनेही झालाय.

भाषावेडी: कुंद्झे मान्य, ग्राफिएने नाही. शार्लोटबद्दल मराठीत लिहीन तेव्हा नुसतं ‘काउंटेस’ लिहून सोडणार नाही. ‘स्वतःच्या कामाबद्दल किताब मिळालेली’ हे पहिल्याच वाक्यात येईल.