भुलीचं पांढरं इंजेक्शन देताना आईच्या हाताची आग झाली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करता येतं?

अबोली, पेडणे

माझी आई 62 वर्षांची. गेल्या वर्षी गर्भाशयाच्या एका छोट्या तपासणीसाठी तिला खासगी इस्पितळात पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आल्यावर ती पोटाबद्दल काही बोललीच नाही, बोलली ती हाताबद्दल. सलाईनच्या सुईतून पांढरं औषध सोडलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कुणी निखारा फिरवतंय असं तिला वाटलं. "हात लासलो गो!" म्हणून ती ओरडली, त्यापुढचं तिला आठवत नाही. मी नंतर विचारलं तर "होतं तसं, लगेच झोपल्या ना त्या?" एवढंच उत्तर मिळालं. हातावर ना डाग, ना सूज.

आता पित्ताशयात खडे निघालेत. दुर्बिणीतून ऑपरेशन चवथीच्या आधी उरकून घ्या असं सर्जन म्हणतात. आईला पोटाला भोकं पाडण्याची भीती नाही, त्या इंजेक्शनची आहे. त्यापायी ती तारीखच घेऊ देत नाही. ती ॲलर्जी होती का? सुई चुकीच्या जागी होती का? आणि हे टाळता येतं का?

भूलतज्ज्ञ, फोंडा

अबोलीताई, मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकलो, आता फोंडा-डिचोली भागातल्या इस्पितळांत भूल देतो. आधी आईंना एवढं सांगा की त्यांना दुखलं ते खरंच दुखलं. त्या घाबरट नाहीत आणि कांगावाही करत नव्हत्या.

पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. 1986 साली ते आजच्या रूपात, सोयाबीनच्या तेलाच्या बारीक थेंबांत मिसळून, बाजारात आलं. टोचताना हात जळतो ही तक्रार तेव्हापासूनची आहे. काहीच काळजी घेतली नाही तर दहातल्या साधारण सहा जणांना दुखतं. औषधाचा बहुतेक भाग तेलात असतो, पण थोडासा पाण्यात मोकळा राहतो. तो शिरेच्या आतल्या अस्तराला लागला की तिथल्या मज्जातंतूंची टोकं चाळवतात. कुणाला लगेच झोंबतं, कुणाला दहा-वीस सेकंदांनी कळ येते.

ॲलर्जी असती तर अंगावर गांध्या, श्वासाला त्रास, रक्तदाब उतरणं असं काही दिसलं असतं. औषध शिरेबाहेर गेलं असतं तर हात सुजला असता आणि आईंना इतक्या पटकन झोपही लागली नसती. म्हणजे सुई शिरेतच होती. पण कुठल्या शिरेत, हा खरा मुद्दा. हाताच्या पंजामागच्या शिरेत होती ना?

ती शीर बारीक असते, रक्त कमी वाहतं, त्यामुळे औषध तिच्या भिंतीला घासत जातं. कोपराच्या आतल्या बाजूची शीर मोठी. तिथे औषध रक्तात चटकन मिसळतं. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 177 चाचण्या आणि 25 हजारांवर रुग्ण एकत्र धरून आढावा आला होता. त्यात सगळ्यांत मोठा फरक या एका गोष्टीने पडलेला दिसतो: कोपराची शीर निवडली तर दुखण्याची शक्यता सुमारे सातव्या हिश्शावर येते. मग सगळे तिथेच सुई का लावत नाहीत? कोपर वाकलं की सलाईन अडतं, शेजारून धमनी जाते, आणि औषध बाहेर झिरपलं तर तिथे चटकन लक्षात येत नाही. म्हणून मी स्वतः बऱ्याचदा मनगट आणि कोपर यांच्या मधली जाड शीर शोधतो.

पंजामागेच सुई लावायची वेळ आली तरी उपाय आहे, आणि तो खरोखर चांगला आहे. हात थोडा वर धरून रक्त उतरू द्यायचं, दंडाला रबरी पट्टा आवळायचा आणि सुईतून लिग्नोकेन सोडायचं. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात तेच औषध, पण शिरेतून द्यायचं वेगळं येतं, ॲड्रेनालिन नसलेलं. 2 टक्क्यांचं 2 मिली, म्हणजे 40 मिलिग्रॅम. मिनिटभर थांबायचं. तेवढ्या वेळात लिग्नोकेन त्याच हातात अडकून शिरेला आतून बधिर करतं. मग पट्टा सोडून प्रोपोफॉल. दुखण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येते. खर्च नगण्य, वेळ एक मिनिट. गर्दीच्या यादीत नेमकं हेच मिनिट कापलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काही जण लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळतात. त्यानेही फायदा होतो, पट्ट्याइतका नाही. 20 मिली प्रोपोफॉलला 20 मिलिग्रॅमच्या वर घालू नये, नाहीतर तेलाचे थेंब एकमेकांना चिकटायला लागतात. आणि मिसळलं की लगेच वापरायचं. आधी थोडं फेंटॅनिल, म्हणजे जोरदार वेदनाशामक, दिलं तरी आग कमी होते. 'एमसीटी-एलसीटी' लिहिलेलं, म्हणजे दोन प्रकारच्या तेलांच्या मिश्रणातलं, प्रोपोफॉल मिळतं, त्यात मोकळा भाग कमी असतो. ते वापरावं, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

ओटी सिस्टर, म्हापसा

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी हाताचं सांगते. पेशंट रात्रीपासून उपाशी, वर थिएटरचा एसी. हात बर्फासारखे गार पडतात आणि शिरा आत ओढल्या जातात. मग जी दिसेल त्या बारीक शिरेत निळी, म्हणजे बारीक सुई जाते. आईंना शाल घेऊन पाठवा, हात पांघरुणात ठेवायला सांगा. हात गरम असला की शिरा वर येतात आणि गुलाबी, म्हणजे त्याहून जाड सुई सहज बसते. शिवाय आधीच्या ऑपरेशनात कुठल्या हाताला त्रास झाला ते सुई लावणाऱ्या सिस्टरला सांगा, भूल देणारे डॉक्टर येण्याआधीच. सुई बहुतेक वेळा आम्हीच वॉर्डात लावतो, आणि नंतर ती बदलायला कुणाचा हात धजत नाही.

अबोली, पेडणे

सिस्टर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हो डॉक्टर, उजव्या पंजामागेच होती, आणि वॉर्डातच लावली होती.

आणखी एक विचारते, राग मानू नका. आमच्या घरी अंडं चालत नाही. या औषधात अंडं असतं असं भावाने कुठेतरी वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला लपवून काही द्यावं असं मला वाटत नाही.

निवासी डॉक्टर, बांबोळी

मध्येच विचारतो सर. प्रोपोफॉलला लिग्नोकेन देऊनही काही पेशंट नंतर रोक्युरोनियम (स्नायू सैल करणारं औषध) देताना हात झटकन ओढून घेतात, झोपेत असूनही. तेही दुखण्यानेच का?

भूलतज्ज्ञ, फोंडा

अबोलीताई, राग कसला, विचारलंत ते योग्यच केलंत. तेलाचे थेंब पाण्यात टिकावेत म्हणून त्यात लेसिथिन घालतात, ते अंड्याच्या पिवळ्या बलकातून काढून शुद्ध केलेलं असतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांची ॲलर्जी पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे एरवी प्रोपोफॉल चालतं. पण तुमचा प्रश्न ॲलर्जीचा नाही, आचाराचा आहे, आणि त्याचा निर्णय आईंचा. त्यांना स्पष्ट सांगा. नको म्हणाल्या तर थायोपेंटोनसारखी दुसरी औषधं आहेत, ती त्यांच्या प्रकृतीला चालतील का ते तिथले भूलतज्ज्ञ बघतील. फक्त हे ऑपरेशनच्या टेबलावर नाही, आधीच्या भुलीच्या तपासणीतच बोला.

निवासी डॉक्टर, हो, रोक्युरोनियमही शिरेला झोंबतं. पेशंट झोपलेला असला तरी हात ओढतो, म्हणजे शरीराला ते जाणवतंय. आपण पट्टा बांधून दिलेलं लिग्नोकेन पट्टा सुटताच वाहून जायला लागतं, रोक्युरोनियमची पाळी येईपर्यंत फारसं उरत नाही. जाड शिरेत, सलाईन नीट चालू ठेवून, सावकाश द्या, फेंटॅनिल आधी पोचू द्या. इटोमिडेट हे भुलीचं दुसरं औषध द्याल तेव्हाही शिरेकडे असंच लक्ष असू द्या, विशेषतः ते प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळवलेलं असेल तर.

अबोली, पेडणे

आईशी बोलले. अंड्याचं ऐकून थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, औषध ते औषध, पण हात जळायला नको. भुलीची तपासणी सोमवारी आहे. तिथे मी नेमकं काय बोलू? डॉक्टरांना शिकवतेय असं वाटायला नको.

भूलतज्ज्ञ, फोंडा

शिकवणं कसलं, ती माहिती आहे आणि आम्हाला ती हवी असते. डिस्चार्ज कार्डावर या दुखण्यासाठी रकानाच नसतो, ते मिनिटभरात संपतं आणि बरेच पेशंट विसरूनही जातात, म्हणून पुढच्या डॉक्टरपर्यंत ते पोचतच नाही. एका कागदावर लिहा आणि फाईलला टाचणीने लावा:

"गेल्या वर्षी भूल देताना उजव्या पंजामागच्या सुईतून पांढरं औषध सोडल्यावर कोपरापर्यंत असह्य आग. पुरळ, सूज, धाप नाही. या वेळी मोठी शीर बघावी, आणि चालत असेल तर आधी लिग्नोकेन द्यावं ही विनंती."

लिग्नोकेनची ॲलर्जी किंवा हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास आईंना असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, कारण मग बेत बदलावा लागतो. घन खाणं सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं का ते सोमवारीच विचारून घ्या. बहुतेकांना चालतं. मध्यरात्रीपासून घसा कोरडा ठेवून शिरा बसवण्यात काही फायदा नाही. आणि आईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीच सोबत न्या, त्यांतली कुठली त्या सकाळी घ्यायची आणि कुठली नाही ते गोळीवर अवलंबून असतं.