मदत हवी आहे : नव्या लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते आणि आतून बारीक आवाज येतो, बदलून कसा घ्यावा?

विश्रामबाग_सांगली :
नवीन घेतलेल्या लॅपटॉपची स्क्रीन मधूनच लुकलुकते, खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळट उजेड दिसतो आणि कीबोर्डच्या वरच्या बाजूने बारीक, कानात घुसणारा आवाज येत राहतो. दुकानात दाखवला तर ‘थोडे दिवस वापरा, होईल ठीक’ असे सांगून परत पाठवले. कंपनीच्या फोनवर विंडोज पुन्हा टाकायला सांगितले, तेही करून झाले. मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीचे काम मी रात्री घरी करते, विवरणपत्रांची तारीख तोंडावर आली आहे आणि थोड्याच वेळात डोके दुखायला लागते. मला दुरुस्ती नको, लॅपटॉप बदलून हवा आहे. काय करावे ते कृपया लवकर सांगावे.

मिरज_जंक्शन :
ताई, एवढ्या माहितीवर कोणालाच नेमके सांगता येणार नाही. मॉडेल कोणते, बिल दुकानाचे आहे की ऑनलाइन खरेदीचे, आवाज चार्जर लावल्यावर येतो की बॅटरीवरही, झाकण हलवल्यावर लुकलुकणे वाढते का, आणि विंडोज सुरू होण्याआधी बायॉसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावरही ते दिसते का, एवढे कळवा.

तासगावकर :
माझ्या अनुभवाप्रमाणे हा सगळा विंडोजचा दोष असतो. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहा. माझ्या जुन्या लॅपटॉपचे लुकलुकणे त्याच दिवशी बंद झाले.

मिरज_जंक्शन :
तासगावकर, ज्यांना उद्या विवरणपत्रे भरायची आहेत, त्यांना आज संगणकाची सगळी व्यवस्था बदलायला सांगणे योग्य नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संशय असेल तर टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहावे. बाकी पडद्याबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर बहुधा डिस्प्ले ड्रायव्हर कारणीभूत असतो. तो स्थिर राहून बाकीचे हलत असेल तर एखादा प्रोग्रॅम. इंटेलचे ग्राफिक्स असेल तर ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ ही वीज वाचवणारी सोय बंद करूनही काही वेळा फरक पडतो.

हरिपूर_संगम :
घरातले अर्थिंग तपासले का? आमच्याकडे अर्थिंग नव्हते तेव्हा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येत आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येई. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग दुकानदाराला दोष द्या.

विश्रामबाग_सांगली :
झिणझिण्या येत नाहीत आणि दुकानातल्या विजेवरही हाच आवाज येत होता, त्यामुळे अर्थिंगचा विषय नको. बाकीची उत्तरे देते. लॅपटॉप दुकानातूनच घेतला, पक्के बिल आहे. चार्जर काढला की आवाज थांबतो. बायॉसमध्येही स्क्रीन लुकलुकते आणि झाकण थोडे मागे-पुढे केले की हमखास लुकलुकते. एचडीएमआयने टीव्हीला जोडला तेव्हा टीव्हीवरचे चित्र स्थिर होते. मॉडेल कोणतेही असले तरी नवीन वस्तू अशी नसावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मिरज_जंक्शन :
ही माहिती फार उपयोगाची आहे, कारण आता तुमच्या तीन तक्रारी वेगळ्या करता येतात. बायॉसमध्ये विंडोज चालूच नसते, त्यामुळे तिथे लुकलुकणाऱ्या स्क्रीनचा दोष विंडोज पुन्हा टाकून जाणार नाही. टीव्हीवरचे चित्र स्थिर आहे, म्हणजे ग्राफिक्सचा भाग बहुधा ठीक आहे. झाकणाच्या हालचालीबरोबर दोष वाढतो, तेव्हा मदरबोर्डकडून (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डकडून) बिजागरीजवळून स्क्रीनकडे जाणारी केबल किंवा तिचे कनेक्टर यांच्यावर पहिला संशय घ्यावा. हा दोष तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे.

कोपऱ्यातल्या उजेडासाठी अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे चित्र लावा आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. उजेड जागा बदलत असेल किंवा कमी-जास्त होत असेल तर तो आयपीएस पॅनेलचा (स्क्रीनच्या एका प्रकारचा) स्वभाव आहे, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. तो एकाच जागी तसाच राहत असेल तर बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाची, गळती आहे, तिची नोंद करा.

आवाज पंख्याचा असता तर तो पंख्याच्या वेगाबरोबर बदलला असता आणि चार्जर काढताच एकदम थांबला नसता. वीज पुरवणाऱ्या भागातल्या कॉइलमधून वेगाने बदलणारा प्रवाह जातो तेव्हा ती कंप पावते आणि असा बारीक आवाज येतो. त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. तो धोकादायक नसतो, म्हणून कंपन्या त्याला सहसा दोष मानत नाहीत. दुकानात त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहा. आवाज गेला तर चार्जर बदलून मागणे सोपे जाईल.

पेठ_नाका :
स्क्रीनवर मृत पिक्सेल, म्हणजे न उजळणारे ठिपके, आहेत का तेही पाहावे. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि एखाददुसरा बिघडला तर बऱ्याच कंपन्या पॅनेल बदलत नाहीत.

विश्रामबाग_सांगली :
मृत पिक्सेलची माझी तक्रार नाही.

कृष्णाकाठ :
दुकानात हेलपाटे घालणे बंद करा आणि सरळ जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो.

मिरज_जंक्शन :
कायद्याची माहिती बरोबर आहे, पण क्रम चुकतो आहे. याच कायद्यात निकालासाठी शक्यतो ३ महिने आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर ५ महिने, अशी मुदत आहे. ताईंची तारीख त्याच्या कितीतरी आधी येते. तक्रारीला २ वर्षांची मुदत असल्याने आयोगाचा रस्ता बंद होत नाही, परंतु आधी सर्व्हिस सेंटरची जॉबशीट (तक्रार नोंदवलेला कागद) हातात हवी आणि तिच्यावर ‘बायॉसमध्येही स्क्रीन लुकलुकते, झाकण हलवल्यावर वाढते’ असे शब्द हवेत. नुसते ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ लिहिले तर सही करू नका.

कृष्णाकाठ :
जॉबशीट हवी हे मान्य आहे. मात्र एकदा केबल बदलून घेतली की ‘दुरुस्त करून दिला’ म्हणून कंपनी बदली नाकारते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून लॅपटॉप देण्याआधी दुकानदार आणि कंपनी दोघांनाही ई-मेलने बदलीची लेखी मागणी करा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

विश्रामबाग_सांगली :
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्री बायॉसचा आणि झाकण हलवतानाचा व्हिडिओ घेते, लेखी मागणी पाठवते आणि उद्या चार्जर दुकानात बदलून पाहते. तोपर्यंत काम जुन्या संगणकावर करीन. स्क्रीनच्या प्रकाशानेच डोके दुखते का, हे मात्र कोणी सांगितले नाही.

मिरज_जंक्शन :
काही पॅनेल उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि त्याचा काही जणांना त्रास होतो. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, खोलीतला दिवा चालू ठेवा आणि डोकेदुखीत फरक पडतो का ते पाहा; पडला तर तेही तक्रारीत लिहा. आणखी एक, सर्व्हिसला देण्याआधी हिशेबांचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण मदरबोर्ड बदलला तर ती मागितली जाते आणि ती नसेल तर आतला डेटा उघडत नाही.