चाकाची चिकटवायची वजनं गळून पडतात ती का

चाक फिरताना थरथरू नये म्हणून बॅलन्सिंग करताना रिमला छोटी वजनं लावतात, काही चिकटवायची, काही कडेला क्लिपने अडकवायची. ‘चिकटवायची वजनं पावसात गळतातच, क्लिपचीच बसवा’ असं काही जण म्हणतात, ते स्टीलच्या रिमपुरतं ठीक. अलॉयच्या (हलक्या मिश्रधातूच्या) रिमला ती क्लिप मारली की कडेचा रंग उडतो आणि तिथूनच रिम खराब व्हायला लागते.

गळण्याचं म्हणाल तर माझंही गळालं होतं. नाशिकहून मुंबईला जाताना ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. चाक काढलं तर आत द्राक्षबागेतला चिखल वाळून दगड झालेला, आणि चिकटवलेल्या वजनाच्या पट्टीच्या जागी नुसता गोंदाचा डाग. आधीच्या पोऱ्याने रिम न पुसताच चिकटवली होती, दुसरं काय! या वेळी समोर उभं राहून चिखल खरवडून घेतला, थिनरने पुसून कोरडं केलं, मगच ५-५ ग्रॅमचे तुकडे दाबून बसवले. चिखलासकट बॅलन्सिंग केलंत तर मशीन चिखलही मोजतं. तो पडला की परत थरथर सुरू.