अभियांत्रिकी आणि कला: दोन पदव्या एकत्र असाव्यात का?

कोथरूडकर (धागाकर्ती)

माझ्या भाचीला संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि तिला त्याबरोबरच भाषाविज्ञान घेऊन बी.ए.ही करायचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. मात्र दोन्हीकडचे तास एकाच वेळी येता कामा नयेत, नाहीतर एक पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन हवी. म्हणजे प्रवेश, शुल्क, वेळापत्रक, परीक्षा सगळे दुप्पट, आणि मेळ घालायचा तो विद्यार्थ्याने. ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रम मुळातच संयुक्त असतो. एका पदवीतील ऐच्छिक विषयांच्या जागी दुसरीचे विषय धरले जात असल्याने चार आणि तीन मिळून सात वर्षे न लागता पाच-साडेपाच वर्षांत दोन्ही पदव्या हाती येतात. पुण्यासारख्या शहरात एखाद्या विद्यापीठाने असे का करू नये?

यंत्रशाखा

मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे माझा विरोध हिशेबाचा आहे. चार वर्षांची १६० क्रेडिट (श्रेयांक), म्हणजे सत्राला २०. त्यात प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला दोन तास द्यावे लागतात, म्हणून आठवड्याचे पंचवीसेक तास वर्गात आणि प्रयोगशाळेतच जातात. सबमिशनच्या आठवड्यांविषयी तर बोलायलाच नको. आवड असेल तर १८ ते २० जास्तीच्या क्रेडिटची ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषयाची, पदवी घेता येते. तेही पुरेसे वाटत नसेल तर बी.टेक. झाल्यावर भाषाविज्ञानाच्या एम.ए.कडे वळावे, डेक्कन कॉलेज याच शहरात आहे.

पेठेतली वाचक

विरोध माझाही आहे, पण उलट बाजूने. मी कला शाखेत शिकवले आहे. या चर्चेत प्रत्येक जण अभियांत्रिकीचे तास मोजतो आणि बी.ए. उरलेल्या वेळात होईल असे गृहीत धरतो. दूरस्थ पद्धतीने पदवी मिळेल, परंतु एखादा ग्रंथ वाचून आल्यावर वर्गात त्यावर जो वाद होतो, तो नुसत्या स्वाध्यायांतून कसा मिळणार?

तालीमवाला

फिरोदिया करंडकाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी नाटकाच्या तालमी करा. कला शिकायला पदवी कशाला हवी?

कोथरूडकर

तालीमवाले, नाटक करणे आणि भाषाविज्ञान शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पेठेतली वाचक यांचा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच मी दोन सुट्या पदव्यांऐवजी एकत्र आखलेला अभ्यासक्रम मागते आहे. यंत्रशाखा यांच्या ‘मायनर’मध्ये जेमतेम चार-पाच विषय बसतात. मराठी मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तयार करायची असेल, तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगवेगळा उच्चारायचा हे यंत्राला शिकवावे लागते. लिपी ते दाखवत नाही. ध्वनिविचार, रूपविचार, वाक्यविचार हे सगळे संगणकशास्त्राच्या सोबतीने शिकले, तर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प दोन्हीकडे धरता येईल.

यंत्रशाखा

अशी प्रणाली भाषावैज्ञानिक आणि अभियंता शेजारी बसून करतातच. दोघांचे ज्ञान एकाच डोक्यात असावे हा आग्रह मला समजत नाही. शिवाय आयोगाच्या त्याच मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक पदव्यांना संबंधित परिषदेचे नियमही लागू राहतात, म्हणजे अभियांत्रिकीच्या क्रेडिटना कात्री लावायची तर तंत्रशिक्षण परिषदेची संमती लागेल. ती मिळाली असे धरले, तरी पाचव्या वर्षाचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च लातूर-नांदेडहून आलेल्या मुलाच्या घरच्यांनी कुठून आणायचा?

कोथरूडकर

खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण तुम्ही सुचवलेल्या बी.टेक.नंतरच्या एम.ए.ला एकूण सहा वर्षे लागतात. त्यातल्या सहाव्या वर्षाचा खर्च कोण करते?