मदत हवी आहे: जेंटामायसिन (किडनीला इजा करू शकणारं अँटिबायोटिक) दिवसातून एकदा की तीनदा? उंदरांच्या किडनीत फरकच दिसत नाही

परळचा_पीजी:
नर विस्टार (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात), २०० ग्रॅमच्या आसपास. रोजचा एकूण डोस ८० मिग्रॅ/किलो, पोटात टोचून, १४ दिवस. गट अ ला सगळा डोस दुपारी २ वाजता. गट ब ला तोच डोस तीन भागांत: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. दिवे सकाळी ७ ते संध्याकाळी ७. पंधराव्या दिवशी सीरम क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं) आणि एच अँड ई (नेहमीचा ऊती-रंग) स्लाइड पाहिल्या, दोन्ही गट जवळपास सारखेच. गट ब ला जास्त इजा अपेक्षित होती. कुठे चुकतंय?

वृक्कवेडा:
अपेक्षा बरोबर आहे, वेळापत्रक गडबडलंय. जेंटामायसिन प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या (किडनीतल्या गाळणीनंतरच्या पहिल्या नलिकेच्या) पेशींत मेगालिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनामार्फत शिरतं आणि हा रस्ता भरून जातो. एकदम मोठा डोस दिला की जास्तीचं औषध लघवीवाटे निघून जातं. थोडंथोडं दिलं की दर वेळी रस्ता मोकळा मिळतो आणि कॉर्टेक्समध्ये (किडनीच्या बाहेरच्या थरात) साठा वाढतो. (टोब्रामायसिन या त्याच्याच भावंड-औषधाचं असं नाही, त्यावर हा प्रयोग करू नका.)

पण उंदीर निशाचर. दुपारी १-२ म्हणजे त्याची ऐन झोपेची, न खाण्याची वेळ, आणि तेव्हाच हे औषध किडनीला सर्वांत जास्त बाधतं. तुमच्या गट अ चा अख्खा डोस तिथे पडतोय, गट ब चे दोन तृतीयांश अंधारात. दोन परिणाम एकमेकांना खोडताहेत.

उपाय: एकदाच डोस देणारे दोन गट करा. दुसऱ्या गटाची खोली उलट्या प्रकाशचक्रावर ठेवा, म्हणजे दिवसा अंधार. दोन आठवडे सवय लावा, टोचताना मंद लाल दिवा. मग दोघांनाही दुपारी २ लाच टोचता येतं, शेवटच्या लोकलमागे धावायला नको. दर आठ तासांनी टोचायच्या गटासाठी मात्र रात्रीच्या पाळीचा माणूस लागेलच.

स्लाइडवाली:
पंधरावा दिवस फार उशिराचा. औषध चालू असतानाही ट्यूब्यूल नव्याने भरून येतात, आणि क्रिएटिनिन उतरायला लागतं. काही उंदीर ४, ७ आणि १० व्या दिवशीही सॅक्रिफाइस करा (तपासणीसाठी मारा). क्रिएटिनिन तसंही आळशी. लघवीतलं एनएजी आणि किम-१ (ट्यूब्यूलची इजा दाखवणारे दोन पदार्थ) आधी चढतं. चयापचय पिंजऱ्यात लघवी गोळा करताना अन्न बंद करू नका, उपाशी उंदराची किडनी जास्त बिघडते. क्रिएटिनिन जाफेने (रंग बदलावर मोजणारी जुनी पद्धत) करत असाल तर एन्झाइम पद्धतीकडे वळा, उंदराच्या सीरममध्ये जाफेला इतर रंगद्रव्यं फसवतात.

एच अँड ई वर मायलॉइड बॉडी (औषधामुळे पेशीत साठलेले फॉस्फोलिपिडचे थर) शोधू नका. लायसोसोममधला (पेशीच्या पचनपिशवीतला) फॉस्फोलिपिड प्रोसेसिंगच्या अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जातो. १ मिमीचे कॉर्टेक्सचे तुकडे २.५% ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाका. उरलेली किडनी मधोमध कापून १०% बफर्ड फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या दहापट तरी; ३-४ मायक्रॉन, पीएएस रंग (साखरयुक्त भाग गुलाबी करतो). ब्रश बॉर्डर (ट्यूब्यूलच्या पेशींची आतली केसाळ कड) पुसली गेलेली त्यातच स्पष्ट दिसते.

परळचा_पीजी:
टोचायचं प्रमाण कसं ठेवू?

वृक्कवेडा:
४० मिग्रॅ/मिली वायल असेल तर एकदाच्या डोसला ०.४ मिली. तीन भागांसाठी १ भाग वायल, २ भाग सलाइन. मग प्रत्येक वेळीही ०.४ मिलीच. एकदाच्या गटांना उरलेल्या दोन वेळी नुसतं सलाइन टोचा, नाहीतर टोचण्याचा ताणच मोजला जाईल. कंट्रोलला तिन्ही वेळी सलाइन. वायलमध्ये पॅराबेन (औषध टिकवणारी रसायनं) असतील तर कंट्रोलच्या सलाइनमध्येही तेवढेच घाला, किंवा सरळ शुद्ध पावडर घ्या.

आणि उलटं प्रकाशचक्र, नवे गट, जादा उंदीर यांची दुरुस्ती संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून मंजूर झाल्याशिवाय पहिली सुई उचलू नका.